जुनी गाणी की नवी? वाद घालण्याआधी करून बघायची तपासणी

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. ही गाणी उथळ आहेत, परदेशी चालींची उसनवारी करतात आणि लोकांची अभिरुची बिघडवतात, असं त्यांचं मत होतं. श्रोत्यांनी रेडिओचा काटा सरळ श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला हा हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढून आकाशवाणीला पाऊल मागे घ्यावं लागलं. गंमत अशी, की मंत्रिमहोदयांना सोसवत नव्हती ती गाणी नौशाद, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन यांच्या काळातली. आज ‘पूर्वी काय गाणी होती हो’ म्हणताना आपण बोट दाखवतो ते नेमकं त्यांच्याकडे.

तेव्हा तक्रार जुनीच आहे. पण जुनी आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. फक्त ती तपासायची रीत चुकते. एका बाजूला १९६० च्या आसपासचं निवडक सोनं ठेवायचं, दुसऱ्या बाजूला काल रीलमध्ये कानावर आदळलेलं काहीतरी, आणि निकाल लावून मोकळं व्हायचं. यात दोष गाण्याचा किती, मोजमापाचा किती, हे कळतच नाही.

पहिली अडचण चाळणीची. साठच्या दशकात वर्षाला शंभराच्या घरात हिंदी चित्रपट निघत. चित्रपटामागे सहा-सात गाणी धरली तर वर्षाला सहाशे-सातशे. त्यातली आज आपल्याला किती आठवतात? फार तर तीस-चाळीस. बाकीची काळाने गाळून टाकली. आजच्या गाण्यांना ही चाळणी अजून लागलेलीच नाही. हे पटत नसेल तर करून बघा. १९६४ सालच्या चित्रपटांची वर्षवार यादी घ्या, डोळे मिटून दहा नावं काढा आणि त्या दहा चित्रपटांची सगळी गाणी, मधलं एकही न टाळता, ओळीने ऐका. मग २०१८ ची यादी घेऊन तेच करा. ‘सुपरहिट’ संग्रह वापरायचे नाहीत, ते आधीच कुणीतरी निवडलेले असतात. १९६४ च्या ढिगात ठोकळेबाज मुखडे, त्याच त्या तीन स्वरांवर फिरणारे अंतरे आणि परदेशी गाण्यांवरून सरळ उचललेल्या चाली इतक्या सापडतील की सुवर्णयुगाबद्दल बोलताना आवाज आपोआप एक पट्टी खाली येतो.

मराठीत ही चाळणी आणखी एका बाजूने एकांगी आहे. आपण ‘जुनी मराठी गाणी’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येतं ते रेडिओ आणि तबकडीवरचं भावगीत, नाट्यगीत, चित्रपटगीत. वामनदादा कर्डकांची गीतं, विठ्ठल उमपांची शाहिरी, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं तेवढीच लोकप्रिय होती, पण ती त्या यादीत क्वचितच येतात. कॅसेट स्वस्त झाली तेव्हा आनंद शिंदे गावोगाव वाजायला लागले आणि सुसंस्कृत घरांतून नाकं मुरडली गेली. केसकरांच्या वेळेस झालं तेच पुन्हा.

दुसरी अडचण आवाजाच्या पातळीची, आणि ही बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सारख्याच दोन गोष्टींतली एक जराशी मोठ्याने वाजली, अगदी दोन डेसिबलनी, तरी कान तिलाच अधिक चांगलं म्हणतो. आजची गाणी मास्टरिंग करताना, म्हणजे ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवताना, दाबून दाबून मोठी केलेली असतात. जुन्या गाण्यात हळू आणि मोठं यांतलं अंतर शाबूत असतं. दोन्ही एकामागोमाग लावली की आधी नवं गाणं ‘भरलेलं’ वाटतं आणि जुनं ‘बारीक’.

उपाय फुकटातला आहे. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही फाइली उघडा, इफेक्टमधलं ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ निवडा आणि दोन्हींना उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी मोजायचं एकक) हे एकच माप लावा. उणे ९ वगैरे लावण्याचा मोह टाळा, कारण जुन्या गाण्यातले टोकाचे आवाज तिथे कापले जातात आणि मग खरखर ऐकू येते. जुनी फाइल मोनो असेल तर ‘ट्रीट मोनो अ‍ॅज ड्युअल मोनो’ या खुणेवर टिचकी राहू द्या, नाहीतर मोजमापात तीन डेसिबलचा घोळ होतो. पातळी एक झाली की चित्र बरंच पालटतं. नव्या गाण्यातला जोर ओसरतो आणि खाली चाल किती उरते ते दिसतं. जुन्या गाण्यात गायिकेने एखादा शब्द हलकाच घेतलेला असतो, तो आता खरोखर हलका ऐकू येतो.

फाइलही नीट पारखून घ्या. नव्वदच्या दशकात जुन्या गाण्यांवर सरसकट ड्रमचा ठेका चढवून ‘झंकार बीट्स’ म्हणून कॅसेटी विकल्या गेल्या. त्यातलं बरंच आज मूळ म्हणून फिरतं. स्वामित्वहक्काची तपासणी चुकवायला लोक गाण्याचा वेग किंचित वाढवून ते इंटरनेटवर चढवतात, त्यामुळे आवाज पातळ होतो आणि लयही पळते. पेटी जवळ घेऊन षड्ज लावून पाहा. तो दोन पट्ट्यांच्या अधेमधे लोंबकळत असेल तर वेगाबद्दल शंका घ्या. मात्र लगेच निर्णय देऊ नका, त्या काळी वाद्यमेळ प्रत्येक वेळी एकाच प्रमाण स्वराला लावलेला असेच असं नाही.

आता मूळ मुद्दा: रचना. इथे थोडं गणित करावं लागतं.

दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण ३ मिनिटं २० सेकंद मावत, म्हणजे २०० सेकंद. केरवा या आठ मात्रांच्या तालात बांधलेलं, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीतलं गाणं घ्या. आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांचं. सुरुवातीचा पीस, म्हणजे नुसत्या वाद्यांचा तुकडा, तीन आवर्तनं, १२ सेकंद. मुखडा चार आवर्तनांचा, दोनदा घेतला की ३२ सेकंद. पुढे प्रत्येक अंतऱ्यामागे मधला पीस चार आवर्तनं, अंतरा आठ, आणि परत मुखडा चार, म्हणजे १६ आवर्तनं, ६४ सेकंद. दोन अंतऱ्यांचे १२८. सगळं मिळून १७२ सेकंद, तबकडीवर आरामात बसतं. तिसरा अंतरा घातला की २३६, बसत नाही. म्हणून तर कित्येक गाण्यांचा एखादा अंतरा फक्त पडद्यावर आहे आणि तबकडीवर नाही. आपण ज्याला ‘बांधेसूद’ म्हणतो त्या घडणीतला मोठा वाटा या २०० सेकंदांच्या कुंपणाचा आहे.

लाँगप्ले आणि कॅसेट आल्यावर कुंपण गेलं आणि नव्वदीत पाच-सहा मिनिटांची गाणी सर्रास झाली, त्यातली बरीच विनाकारण. आता गाणं पुन्हा अडीच-तीन मिनिटांवर आलं आहे. या वेळी कुंपण वेगळं आहे: स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते ऐकलं म्हणून मोजतात. श्रोता त्याआधी पुढे सरकला तर मेहनत फुकट. म्हणून सुरुवातीचा पीस आक्रसला आणि मुखडा, किंवा मुखड्यातला लक्षात राहणारा तुकडा म्हणजे ‘हुक’, पहिल्या दहा सेकंदांत येऊ लागला.

तेव्हा ‘हल्लीची गाणी आखूड असतात’ ही तक्रार तेवढ्यावर टिकत नाही, लांबी तेव्हाही तेवढीच होती. प्रश्न त्या लांबीत काय बसवलं याचा आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा. गाण्यातली प्रत्येक वेगळी सुरावट आली की तिला एक अक्षर द्या, तीच पुन्हा आली तर तेच अक्षर परत लिहा. चांगल्या जुन्या गाण्यात मुखड्याच्या दोन सुरावटी, अंतऱ्याच्या तीन-चार, पहिला पीस वेगळा, दुसरा त्याहून वेगळा, आणि अंतऱ्यातून मुखड्यावर उतरणारी जोडओळ, अशी नऊ-दहा अक्षरं सहज होतात. श्रीनिवास खळ्यांसारखा संगीतकार असेल तर अंतऱ्यागणिक चाल बदललेली. आजच्या चलतीच्या गाण्यात बहुधा चार-पाच अक्षरांत काम भागतं: चार कॉर्डचं चक्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकच अंतरा, दुसऱ्याच्या जागी पुन्हा हुक. माझ्या मते खरी घट कुठे असेल तर इथे आहे, आणि ती मोजून दाखवता येते.

इथे कुणीतरी परदेशी संशोधन पुढे करतंच. २०१२ साली स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधल्या साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणांचा हिशेब मांडला. स्वरांच्या जुळण्या आणि ध्वनीचे रंग आकसत गेल्याचं आणि पातळी वाढत गेल्याचं त्यांना दिसलं. २०१५ मध्ये दुसऱ्या एका गटाने अमेरिकेच्या लोकप्रिय यादीतली १७ हजारांच्या आसपास गाणी तपासली. त्यांना विविधता सतत घसरत गेल्याचं आढळलं नाही. उलट १९६४, १९८३ आणि १९९१ अशा तीन मोठ्या उलथापालथी दिसल्या. दोन्हींत आपली गाणी नाहीत, तेव्हा हे पुरावे आपल्या वादात जपूनच वापरावेत.

ध्वनिमुद्रणाकडे येऊ. मुंबईच्या जुन्या स्टुडिओंत सगळे एकाच वेळी वाजवत. संगीतकार चाल सरगममध्ये किंवा गुणगुणून सांगे, आणि ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेटमध्ये वाटून देण्याचं काम अरेंजर करे. हे काम मोठ्या प्रमाणात गोव्याच्या माणसांनी केलं: सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. गावातल्या चर्चच्या शाळेत लिपी शिकलेली ही मंडळी नसती तर त्या पीसचा थाट उभाच राहिला नसता. माइक मोजके. ज्याचा आवाज कमी हवा त्याला दोन पावलं मागे सरकवायचं, हाच समतोल. शेवटच्या ओळीत बासरीवाला चुकला तर सगळ्यांनी पहिल्यापासून. त्यामुळे तालमी भरपूर होत, आणि गाण्याची लय यंत्राच्या टकटकीला बांधलेली नसे. शेवटच्या अंतऱ्यात ती किंचित चढते, कान देऊन ऐकलंत तर सापडेल.

आज क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानातल्या यंत्राच्या टकटकीवर, एकेक जण वेगळा येतो. गायक बहुधा सर्वांत शेवटी. तो ओळ-ओळ गातो, पाच-सहा टेकमधले चांगले तुकडे जोडले जातात, मग सूर सॉफ्टवेअरमधून सरळ होतात. यात मुळात वाईट काही नाही. बिघडतं ते घाईमुळे. ऑटोट्यून हे असं सॉफ्टवेअर १९९७ साली आलं ते पेटीच्या पट्ट्यांसारखे बारा ठरलेले स्वर गृहीत धरून. ‘रीट्यून स्पीड’, म्हणजे सूर जागेवर ओढायला घेतलेला वेळ, शून्याजवळ ठेवला की आवाज प्रत्येक क्षणी जवळच्या स्वरावर उडी मारतो. गंधारावरून पंचमावर सरकत जाणारी मींड जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते, कोमल गंधाराचं आंदोलन सपाट होतं, मुरकीतले कणस्वर, म्हणजे निसटते स्पर्शाचे स्वर, गायब होतात. म्हणजे ज्याचा गळा जास्त तयार त्याचंच जास्त नुकसान. स्पीड ४० मिलिसेकंदांच्या पुढे ठेवून फक्त लांब ठेवलेले स्वर हाताने दुरुस्त केले तर यातलं बहुतेक वाचतं. मेलोडाइन हे दुसरं तसंच सॉफ्टवेअर वापरत असाल तर स्वराचा मध्य हलवा, त्याच्या आतली थरथर तशीच राहू द्या. एवढं करायला गाण्यामागे दोन-तीन तास जास्त लागतात, आणि ते द्यायला कुणी तयार नसतं.

ढोलकीचंही तेच. लग्गीतला, म्हणजे जलद ठेक्यातला, झोल मात्रेच्या नेमक्या सोळाव्या भागावर कधीच नसतो, किंचित पुढेमागे असतो. तो सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या रेघांवर, म्हणजे ग्रिडवर, ओढून बसवला की लावणी कवायतीसारखी वाजते. संबळाचा एकच सँपल, म्हणजे ध्वनिमुद्रित टोला, चाळीसदा चिकटवला तर ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कंटाळा येतो, कारण खऱ्या संबळावर एकसारखे दोन टोले पडत नाहीत.

शब्दांविषयी एक गैरसमज आधी दूर करू. ‘पूर्वी कविता आधी, चाल नंतर, आता उलटं’ हे अर्धसत्य आहे. मराठी भावगीतात कविता बहुधा आधी असे. गीतरामायणात १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक या हिशेबाने ५६ गीतं झाली. गदिमांनी लिहायचं आणि मग सुधीर फडक्यांनी चाल लावायची. पण हिंदी चित्रपटांत चाल आधी बांधून तीवर शब्द बसवणं तेव्हाही रोजचंच होतं आणि अजरामर गाणी त्यातूनही निघाली. मोडलं ते ‘सिटिंग’. गीतकार, संगीतकार, अरेंजर एका खोलीत दिवसचे दिवस बसत. पेटीवर चाल वाजे, ओळ जड झाली की तिथल्या तिथे शब्द बदले, शब्द हटत नसेल तर चाल वाके. आता फोनवर ‘ला ला’ म्हटलेली फाइल येते, तिच्यावर शब्द भरून परत जातात आणि दोघांची गाठ पडते ती प्रकाशनाच्या दिवशी.

हे कानाला कसं पकडायचं? गाण्याची ओळ आधी बोलल्यासारखी म्हणा. कुठल्या अक्षरावर आपोआप जोर येतो ते खुणेने दाखवा. मग गाणं लावून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी द्या. सम जर ‘ला’, ‘ने’, ‘च’ अशा शेपटावर पडत असेल, किंवा ऱ्हस्व अक्षर दोन-दोन मात्रा ताणलं जात असेल, तर शब्द कोंबलेले आहेत हे समजा. उच्चारही पाहा. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतला च एक नाही, आणि हल्ली अनेक ध्वनिमुद्रणांत तो एकच येतो. ‘ळ’चा ‘ल’ होतो. अमराठी गायक पूर्वीही गात होते, मन्ना डे, महेंद्र कपूर होतेच, पण शेजारी बसून ओळ घोटून घेणारा कुणीतरी असे.

मग नव्याच्या पारड्यात काहीच नाही का? भरपूर आहे. मध्यम लहरींच्या रेडिओवर पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं पोचत नसे, आणि छोट्या स्पीकरमधून खालचा खर्जही येत नसे. म्हणून जुना वाद्यमेळ मधल्या पट्टीत गजबजलेला आहे आणि गायिकेचा आवाज उंच. आज बाईचा खर्जातला, दाणेदार, भरड आवाज मुख्य गाण्याला चालतो, ही छोटी गोष्ट नाही. ध्वनीचा रंग हा आज चालीइतकाच रचनेचा भाग आहे. मोबाइलच्या स्पीकरमधून बेस येत नाही म्हणून त्यावर हलकी विकृती चढवून वरचे स्वनक (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) तयार करतात, म्हणजे कान खालचा स्वर स्वतःच ‘ऐकतो’. ही कारागिरी जुन्यांच्या माइकपुढे सरकण्याइतकीच हुशारीची आहे.

आणि भाषा. प्रमाण मराठीच्या उंबऱ्याबाहेरची बोली मुख्य प्रवाहातल्या गाण्यात एवढ्या ताठ मानेने पूर्वी क्वचितच आली. २०१६ सालच्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत मोठा सिम्फनी वाद्यवृंद बसवला, आणि शब्द मात्र सोलापूरकडच्या मातीतले. त्या चित्रपटातलं व्हायोलिन-चेलोचं लेखन साठच्या दशकातल्या बहुतेक गाण्यांपेक्षा अवघड आणि जास्त विचारपूर्वक केलेलं आहे, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही. त्याआधी ‘जोगवा’च्या संगीताला आणि त्यातलं ‘जीव रंगला’ गाणाऱ्या दोन्ही गायकांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तेव्हा वरच्या थरातली गाणी तोलाला कमी पडत नाहीत. खाली आला आहे तो मधला थर: जो पूर्वी तालमीच्या बळावर तरून जाई आणि आज लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवलेल्या एकाच तुकड्याच्या, आधाराने कसाबसा उभा राहतो.

तपासणी करायची असेल तर वयाचाही हिशेब ठेवा. पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान कानावर पडलेलं संगीत आयुष्यभर जवळचं वाटतं. म्हणून जोड्या लावताना स्वतःच्या त्या वयातली गाणी दोन्ही बाजूंनी वगळा. जोडी सारख्या जातीची घ्या: विरहगीतापुढे विरहगीत, लावणीपुढे लावणी, आणि दोन्ही आपल्याला फारशी माहीत नसलेली. दहा जोड्या पुरतात. प्रत्येक गाण्यासाठी सुरावटींची अक्षरं, समेवरचे शब्द, दोन पीस वेगळे की एकच, आणि मींड शाबूत की पायऱ्या, एवढंच लिहा. आवडलं-नावडलं शेवटच्या रकान्यात.

आणि जे आज तुटपुंज्या पैशांत गाणी करतात त्यांच्यासाठी: सगळा वाद्यवृंद परवडत नसेल तर सँपलच्या व्हायोलिनवर दोनच खरी व्हायोलिनं दोनदा वाजवून चढवा, दुसऱ्या वेळी वादकांच्या जागा बदलून. ढोलकीवाल्याला एका शिफ्टसाठी बोलवा, क्लिक त्याच्या कानात ठेवा पण ग्रिडला हात लावू नका, आणि चार वेगवेगळी आवर्तनं घेऊन ती आलटून पालटून वापरा. गीतकाराला चाल पाठवण्याऐवजी घरी बोलवा. पहिला आणि दुसरा पीस वेगळा बांधायला एक संध्याकाळ जास्त लागते, ती द्या.